तांबड्या समुद्रातली शिकवणी

अब्बा रियाधला उतरले ते तोंड पाडूनच. मला वाटलं, प्रवास बाधला, नाहीतर छातीत काहीतरी होतंय. मागे त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, तेव्हापासून ते नुसते खोकले तरी मी हातातलं काम टाकून धावते. गाडीत बसल्यावर कळलं की दुःख नारळांचं आहे. घरच्या माडाचे दोन सुके, असोले नारळ त्यांनी लुंगीत गुंडाळून बॅगेत घातले होते आणि मुंबईला विमानतळावर ते काढून घेतले. सुका नारळ विमानात चालत नाही, त्यातलं तेल पेट घेतं म्हणे.

"अब्बा, आमच्या मलाझ भागात कोपऱ्यावरच्या दुकानात नारळ मिळतात," मी म्हटलं.

"सोललेले ना? ते कशाला हवेत मला, चटणीला?" अब्बा भडकले. "पोरीला पोहायला शिकवायचंय. सोडणाशिवाय नारळ तरंगेल कसा?"

मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या लेकीने कानातला इअरफोन काढून विचारलं, "नाना, हू इज स्विमिंग?"

अब्बा म्हणजे जन्मभर तांडेल. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीत आणि बाहेर समुद्रात त्यांनी होडी हाकली, आणि गावातलं एकही पोर त्यांच्या हाताखालून कोरडं गेलं नाही. त्यांची पद्धत अशी: दोन असोले नारळ काथ्याने एकमेकांना बांधायचे, ती जोडी पोराच्या काखेत द्यायची आणि भरती चढत असताना पोराला खाडीत घालायचं. भरतीच. ओहोटीचं पाणी पोराला बाहेर घेऊन जातं, भरतीचं घरी आणून सोडतं. आणि मग एक दिवस, पोराच्या नकळत, मागून दोरी ढिली करायची. मलाही त्यांनी असंच फसवलं. मी मजेत पाय मारतेय, सहज वळून बघते तर नारळ त्यांच्या हातात आणि मी खाडीच्या मधोमध! नाकातोंडात पाणी गेलं, त्यांना नको ते बोलले, आणि मग पोहत किनाऱ्याला आले. सगळं गाव असंच पोहायला शिकलेलं आहे.

माझी लेक मात्र रियाधची. समुद्र तिने विमानाच्या खिडकीतून जास्त पाहिलाय. लहान असताना तिला इथल्या एका तलावात पोहायच्या क्लासला घातलं होतं. तिथल्या बाईंनी 'धरलंय हं, धरलंय हं' म्हणत म्हणत हात काढून घेतला. पोरगी तळाशी गेली. लगेच वर काढलं, काही झालं नाही, पण त्या दिवसापासून गुडघ्यावर पाणी आलं की हिचा चेहरा पांढरा पडतो. गावाला आमचं घर खाडीच्या पलीकडे. रस्त्याने जायचं तर डोंगराला मोठा वळसा, म्हणून सगळे होडीनेच जातात. गेल्या खेपेला ही धक्क्यावर जी बसली ती बसलीच. चुलतभावंडं होडीतून हाका मारतायत, हसतायत, आणि ही चपला घट्ट धरून रडतेय. शेवटी रिक्षा करून वळशाने गेलो. त्यानंतर ती गावाला आलेलीच नाही. सुट्टी जवळ आली की तिच्या पोटात दुखायला लागतं, आणि मी एकटी जाऊन येते.

म्हणून अब्बाच व्हिजिट व्हिसावर आले. आल्या आल्या उमरा केला, मग एका सकाळी चहा पिताना मला म्हणाले, "आता एकच काम राहिलं. ही पाण्यात उतरली तर माझ्या घरी येईल. नाहीतर मी मरेपर्यंत येणार नाही, आणि मग कशाला येईल?"

असं कोणी बोललं की मला राग येतो, कारण रडू येऊ द्यायचं नसतं. मी म्हटलं, "मरायचं काही बोलायचं नाही. आणि डॉक्टरांनी तुम्हाला पोहायला मनाई केलीय. कमरेवर पाणी गेलेलं मला चालणार नाही. आधी शब्द द्या."

त्यांनी शब्द दिला.

आमचे हे बँकेत आहेत. सहलीला जायचं म्हटलं तरी त्यांना एक्सेल उघडावं लागतं. शाळेच्या दोन सत्रांमधल्या सुट्टीत गाडीने बुरैदा, तिथून अल उला, तिथून तांबड्या समुद्रावरचं उमलज, असा बेत त्यांनी आखला. पेट्रोल कुठे भरायचं तेही लिहिलेलं. मी हसले, पण खरं सांगते, इतकी वर्षं या देशात राहून आम्ही घर, ऑफिस, शाळा आणि मॉल सोडून काय पाहिलं होतं? इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवा करायचा आणि भारताची तिकिटं काढायची, एवढंच आमचं फिरणं.

बुरैदाच्या खजूर बाजारात अब्बा पहिल्यांदा खुलले. हंगाम सरला होता, तरी दुकानं भरलेली. प्रत्येक दुकानदार हातावर एक खजूर ठेवी, तो खाईपर्यंत तोंडाकडे बघत राही आणि मग दुसऱ्या जातीचा देई. आम्ही काही विकत घेतोय की नाही याकडे त्याचं लक्षच नाही. एकाने लेकीच्या ओंजळीत इतके खजूर ओतले की तिला हात हलवता येईना. "हा धंद्याला बसलाय की जेवायला घालायला?" अब्बा म्हणाले. मग ह्यांना हळूच म्हणाले, "विचारा जरा, असोला नारळ कुठे मिळेल." ह्यांनी विचारलं. दुकानदार विचारात पडला, शेजारच्याला विचारून आला, आणि नारळ नाही म्हणून ओशाळून त्याने आणखी खजूर दिले.

तिथून पुढचा रस्ता लांबच लांब. मला वाटायचं वाळवंट म्हणजे पिवळं, सपाट आणि कंटाळवाणं. काय मूर्खपणा! वाळू कधी गुलाबी होते, कधी राखाडी, मध्येच काळे दगड पसरलेले, मध्येच एकटी बाभूळ आणि तिच्या सावलीत दाटीने उभे उंट. संध्याकाळी अल उलाच्या खोऱ्यात शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंनी लाल कडे उभे राहिले आणि खाली खजुरीचं गर्द रान. आमच्या लेकीनेसुद्धा फोन खाली ठेवला. यापेक्षा मोठी पावती मी या देशाला देऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी हेग्रा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी डोंगरात कोरलेल्या कबरी, एकेक घराएवढी, काही दुमजली इमारतीएवढ्या. आत फिरवणाऱ्या बसबरोबर माहिती सांगायला एक तरुण मुलगी होती. काळा अबाया, पायात भक्कम बूट, आणि इंग्रजी आमच्या ह्यांच्यापेक्षा कितीतरी चांगलं. पहिल्या थांब्यावर सगळे उतरले, अब्बा उतरेनात.

"इथल्या लोकांवर अल्लाचा कहर झाला होता. असल्या ठिकाणी हिंडू नये," ते म्हणाले. "तुम्ही बघून या. मी दुआ करत बसतो."

ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मुलीला काय सांगायचं? पण तिला न सांगताच कळलं. ती पायरी चढून परत आत आली, अब्बांसमोर जरा वाकून म्हणाली, "माझे आजोबा इथून जवळच राहतात. तेही कधी आत आले नाहीत. मी इथे नोकरी धरली तर महिनाभर बोलत नव्हते माझ्याशी." मी ते मराठीत सांगितलं. अब्बांनी विचारलं, "मग आता बोलतात?" "आता रोज विचारतात, आज काय काय सांगितलंस लोकांना," ती म्हणाली. अब्बा इतके हसले की त्यांना खोकला आला.

मग तिने ड्रायव्हरला सांगून बस अशी उभी करवली की अब्बांना खिडकीतून एक अर्धवट राहिलेली कबर दिसावी. वरचा भाग पुरा कोरलेला, पायऱ्यापायऱ्यांची नक्षी, खाली नुसता डोंगर. ते लोक वरून सुरुवात करून खाली येत, ती म्हणाली. परांची बांधायला इथे एवढं लाकूड कुठलं? ज्या दगडावर उभं राहायचं तोच पुढे कोरायचा. अब्बा काचेला नाक लावून बघत होते. "बेटे हुशार होते हे लोक," ते म्हणाले. "हिला सांग, होडी बांधणारा असं काही करू शकणार नाही. आम्ही खालून वर जातो." तिने ते मन लावून ऐकून घेतलं. मला ती मुलगी फार आवडली. आपल्याकडे असं काही दाखवायचं झालं तर गाइड म्हाताऱ्याला समजवायला जातो, नाहीतर त्याला सोडून पुढे जातो.

दुपारी आम्ही खजुरीच्या बागांमधल्या पायवाटेने चाललो होतो. दोन्हीकडे मातीच्या बुटक्या भिंती, पाटाचं पाणी, वर झावळांची सावली. हवेत पुदिन्याचा वास. अब्बा पुढे होते. एकदम थांबले आणि एका उघड्या फाटकातून सरळ आत शिरले. "अब्बा, कुणाची तरी खाजगी बाग आहे!" मी मागून ओरडले. पण ऐकतोय कोण? आत खजुरीची नुकतीच छाटणी झालेली, झावळांचा ढीग पडलेला. अब्बांनी त्यातला एक देठ उचलला. झावळ खोडाला जिथे चिकटलेली असते तिथला रुंद, जाड भाग. माडाच्या त्या भागाला आम्ही पिडा म्हणतो, लहानपणी त्याची बॅट करायचो. अब्बांनी तो हातात तोलला, नखाने टोकरला, कानाशी नेऊन ठोकला.

"बघ गो, केवढा हलका!" त्यांचे डोळे चमकत होते. "आत नुसता भुसा. हा बुडायचा नाही."

तेवढ्यात बागेचा मालक आला. पांढरा झगा, खांद्यावर कोयता, वय अब्बांएवढंच. आता पोलिसांना बोलावतो की काय म्हणून आमचे हे पुढे धावले आणि त्यांना येतं तेवढं अरबी सगळं एका दमात बोलून टाकलं. म्हाताऱ्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने अब्बांचा हात धरला आणि झाडाखालच्या सतरंजीवर नेऊन बसवलं. कॉफी आली, खजूर आले. तुम्ही कोण, कुठले, माझ्या बागेत काय करताय, यातलं एक अक्षर त्याने विचारलं नाही. कॉफी संपल्यावर मग विचारलं, तेही 'तब्येत कशी आहे' असं. आमच्याकडेही पाहुणचार कमी नाही, पण आम्ही पाणी द्यायच्या आधी 'कुणाचे तुम्ही' म्हणून विचारून घेतो.

ह्यांनी खुणा करून पोहायचं सांगितलं तर म्हातारा मांडीवर थाप मारून उठला. बागेच्या मागे सिमेंटची टाकी होती, शेताला पाणी द्यायची, चांगली छातीभर खोल. त्याने देठाकडे बोट दाखवलं, टाकीकडे दाखवलं, स्वतःच्या छातीकडे दाखवलं आणि हवेत हात मारून पोहून दाखवलं. करब म्हणतात ते लोक त्या देठाला. करबांची मोळी बांधून, ती पोटाखाली घेऊनच तो आणि त्याची सगळी भावंडं याच टाकीत पोहायला शिकली होती. अब्बांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू सख्खा भाऊ सापडला. नारळाचं दुःख तिथे खलास झालं.

मग दोघे म्हातारे मोळी बांधायला बसले. दोरी खजुरीच्याच काथ्याची. त्याने गाठ मारली, अब्बांनी ती सोडून आपली होडीची गाठ मारली. त्याने ती ओढून बघितली, मान हलवली आणि पुन्हा सोडली. एक कोकणीत भांडतोय, दुसरा अरबीत, आणि दोघांनाही दुसऱ्याचं पटत नाही एवढं नक्की कळतंय. शेवटी दोन्ही गाठी राहिल्या.

मला आणि लेकीला घरातल्या बायकांनी आत नेलं. सून वयाने माझ्याएवढी. तिला थोडं इंग्रजी येत होतं, मला थोडं अरबी, त्यात आमचं भागलं. तीही लग्न होऊन आली तेव्हा पाण्याला घाबरायची, सासूने तिला त्याच टाकीत शिकवलं, असं ती हसत हसत सांगत होती. माझी लेक इतका वेळ मान खाली घालून बसली होती. तिने एकदम विचारलं, "डिड शी लेट गो? विदाउट टेलिंग यू?"

सून म्हणाली, "नाही. तिने धरूनच ठेवलं होतं. मीच एके दिवशी सोडलं."

लेक उठली आणि तडक बाहेर गेली. मी मागे. ती अब्बांसमोर जाऊन उभी राहिली. "नाना, तुम्ही मला न सांगता सोडणार? मम्मीला सोडलं तसं?"

वाक्य मराठीत होतं. अब्बा हातातली दोरी ठेवून उभे राहिले. मला माहीत होतं, अब्बा सोडणार. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघत राहिले.

"तू सांगितल्याशिवाय सोडणार नाही," अब्बा म्हणाले. "या मोठ्या माणसासमोर सांगतो."

मोठ्या माणसाला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण त्याने मान डोलावली आणि मोळी पोरीच्या हातात दिली. ह्यांनी खिशात हात घातला तसा तो खरोखरच रागावला. मग निघताना त्याच्या सुनेने वर खजुराचा डबा आणि पुदिन्याची जुडी दिली. काय माणसं! मी तर फाटकाशी त्या सुनेला मिठीच मारली.

उमलजचा समुद्र दिसला तशी मी गाडीतून उतरून चपलांसकट पाण्याच्या कडेपर्यंत गेले. मागे काळे डोंगर, पुढे पांढरी वाळू, आणि पाण्याचे किती रंग! काठाला तर रंगच नाही, काच. मग फिकट हिरवं, मग निळं, मग एकदम शाईसारखं गडद. लाटा म्हणाव्यात अशा लाटाच नव्हत्या. पायाशी मासे फिरताना दिसत होते. आमचा समुद्र मला प्राणाहून प्यारा आहे, पण तो मळकट आहे, गरजतो, आणि पावसाळ्यात माणसं खातो. हा समुद्र बघून वाटलं, याच्याशी भांडण कसं करायचं?

अब्बांनी मात्र समुद्राला लगेच कामाला लावलं. इथल्या प्रत्येक कॅलेंडरवर चंद्राची तारीख असते, त्यामुळे त्यांना भारी सोपं झालं. आपल्याकडे तिथीची करतात तशी त्या तारखेची पाऊणपट करून त्यांनी भरतीची वेळ काढली, आणि दुपारभर आम्हाला वाळूत बसवून ठेवलं. पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. "आता लागेल भरती. चढू दे, मग उतरू."

बसलो. पुदिन्याचा चहा झाला. खजूर झाले. काठी होती तिथे आणि पाणी होतं तिथे. अब्बांनी पुन्हा बोटांवर हिशेब केला, आकाशाकडे बघितलं. "चुकत नाही हे कधी," ते पुटपुटले. शेजारी चटई टाकून बसलेलं एक स्थानिक कुटुंब मघापासून आमच्याकडे बघत होतं. त्यांनी आधी भाजलेल्या माशाचं ताट पाठवलं, मग घरातला माणूस स्वतः आला आणि ह्यांना विचारलं, "तुमचं काही हरवलंय का?" ह्यांनी सांगितलं की सासरे भरतीची वाट बघतायत. तो माणूस इतका सभ्य की हसला नाही. म्हणाला, "हा समुद्र कुठे जात नाही, त्यामुळे येतही नाही. चढला तर वीतभर."

मी हसून हसून लोळले. तांडेल माणूस, आणि दुपारभर न येणाऱ्या भरतीची वाट बघत बसला! लेकही हसली. अब्बांनी काठी उपटून फेकली आणि म्हणाले, "हा समुद्र आहे की तळं?" पण मासा खाताना त्यांनी दोनदा पाण्याकडे वळून बघितलं. त्यांना ते लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे नाश्त्याला रोटी आणि फूल, म्हणजे इथली बाकल्याची उसळ, आणायला गावात गेले, आणि अब्बांनी लेकीला हाक मारली. आमची सुट्टी संपत आली होती. दोन दिवसांनी रियाध, आणि पुढच्या आठवड्यात अब्बांचं विमान. तिलाही ते माहीत होतं. ती मोळी छातीशी कवटाळून, ओठ घट्ट मिटून पाण्यात उतरली. मी काठावर उभी. अब्बा तिच्या पुढ्यात, मोळीचं दुसरं टोक धरून उलट्या पावलांनी मागे मागे चाललेले, डोक्यावर पांढरी टोपी. पाणी त्यांच्या कमरेला लागलं तशी मी ओरडले, "बस! तिथेच!" ते थांबले.

"पाय मार," अब्बा म्हणाले. तिने मारले. "अजून." अजून मारले. "सोडू?"

"नो!"

थोड्या वेळाने, "सोडू?"

"नाही, नाना! यू प्रॉमिस्ड!"

"नाही सोडत. मी कुठे सोडतोय?"

असं किती वेळ चाललं. ऊन चढलं. पोरीचे पाय चांगले चालत होते, पण बोटं मोळीवर पांढरी पडलेली. मला वाटलं, झालं, हिच्याने होणार नाही. शब्द दिला नसता तर अब्बांनी केव्हाच दोरी सोडली असती आणि ही पोहली असती, आणि जन्मभर त्यांच्याशी बोलली नसती. मला रडू यायला लागलं. मला तिचा राग आला, अब्बांचा आला, त्या क्लासवाल्या बाईंचा तर फारच आला.

आणि अब्बा एकदम गळ्यापर्यंत खाली गेले.

"अगो, माझे पाय टेकत नाहीत!" ते म्हणाले. "धर मला!"

मी पाण्यात पाऊल टाकलं. पण लगेच दिसलं. पाणी काचेसारखं होतं म्हटलं ना? त्यांचे गुडघे दुमडलेले स्वच्छ दिसत होते. लबाड म्हातारा! सोडणार नाही म्हणून शब्द दिला होता ना, मग सोडलं नाही, उलट तिलाच धरलं. मी तोंडावर ओढणी दाबून हसत सुटले.

"नाना, स्टँड अप!"

"जमत नाही गो. डॉक्टरने पोहू नको सांगितलंय. ने मला काठाला."

पोरीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने मोळी त्यांच्या अंगावर ढकलली. "पकडा! दोन्ही हातांनी! सोडू नका, नाना, अजिबात सोडायचं नाही!" ती ओरडत होती, मराठीत, हिंदीत, सगळ्यात. तिने दोरीचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि पाय मारायला लागली. आधी दोघे आडवेच गेले, मग जरा पलीकडे, जिथे पाणी निळं होतं. वारा जमिनीकडून होता. मी हसत बघत होते. मग ती काठाकडे वळली. एक हात, पाय, एक हात, पाय. मोळीवर अब्बा होते. तिच्याखाली काहीच नव्हतं. माझी लेक पोहत होती.

पाणी गुडघ्याशी आलं तरी ती ओढतच होती. मग धापा टाकत उभी राहिली आणि अब्बांना काखेत हात घालून उठवलं. "मम्मी! नाना वॉज ड्राउनिंग! मी आणलं!"

"बघितलं गं माझी बाय," मी म्हटलं, आणि तिचे ओले गाल, केस, जे हाती लागेल त्याचे मुके घेतले.

"मे महिन्यात आपण गावी जायचं," ती म्हणाली. दात वाजत होते तिचे. "नाना त्या होडीतून एकटे जातात. इट्स नॉट सेफ. मी बाजूला बसणार." तेवढ्यात लांबून ह्यांची गाडी येताना दिसली आणि ती टॉवेल उडवत, ओरडत बापाकडे धावली.

अब्बा वाळूत बसले होते. मी त्यांच्या अंगावर चादर टाकली आणि शेजारी बसले. "काय नाटकी आहात हो अब्बा! शब्दही पाळला आणि पोरीला फसवलंत पण. गुडघे दिसत होते मला इथून."

त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी बघितलं तर त्यांचे ओठ निळसर झाले होते.

"नाटकच होतं," ते हळू म्हणाले. "मग ती पलीकडे गेली, तेव्हा म्हटलं पुरे झालं, उभा राहतो. पाय खाली सोडले, तर खाली काही नव्हतंच गो. आपल्याकडे वाळू कशी उतरत जाते. इथे खडक एकदम संपतो."

मी त्या निळ्या पाण्याकडे बघितलं. मग एकदम सगळं अंगावर आलं आणि मी किंचाळले, "मग हाक का नाही मारलीत? मी इथे उभी होते! हसत होते मी, अब्बा!"

"तुला हाक मारली असती तर तिने मागे वळून बघितलं असतं," अब्बा म्हणाले. "इतके चांगले पाय मारत होती गो पोरगी."